परवान्यापासून मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत : भारतातील संगणकावरच्या सरकारी देखरेखीचा इतिहास

भारत सरकारने संगणकावर देखरेख ठेवायला सुरुवात केली, तेव्हा देशातले संगणक बोटांवर मोजण्याइतके होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर नियंत्रण असावे की नसावे, असल्यास किती, ही चर्चा आज नवी वाटते. पण तिच्यातले जवळपास सगळे मुद्दे १९६० आणि १९७०च्या दशकांत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि पुणे येथे एकदा मांडून झालेले आहेत. त्या काळात दोन प्रश्न होते. हे यंत्र देशाला मिळवायचे आणि बनवायचे कसे, हा पहिला. ते आल्यावर कोणाचे काम जाणार आणि ते कोण ठरवणार, हा दुसरा. पहिला प्रश्न विज्ञानधोरण आखणाऱ्यांनी हाताळला, दुसरा कामगार मंत्रालयाने. हे दोन्ही प्रश्न एका टेबलावर फार क्वचित आले, आणि या इतिहासातील बहुतेक अपयशांचे मूळ तिथे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास संगणकाच्याही आधीचा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९२८ साली सुमारे सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप ज्या कारणांनी पेटला, त्यांत ‘कार्यक्षमता योजना’ हे मोठे कारण होते. विणकराने दोन मागांऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने यंत्राच्या दोन्ही बाजू पाहाव्यात, अशी ती योजना होती. तितकेच सूत आणि तितकेच कापड कमी माणसांत काढायचे, हा तिचा हिशेब गिरणगावाला लगेच कळला. संप मिटताना न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि यंत्र किंवा कामाची पद्धत बदलणे ही मालकाची खासगी बाब नाही, हे तत्त्व सरकारदरबारी पोहोचले. स्वातंत्र्यानंतर त्याला कायद्याचे रूप मिळाले. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली कलम ९-अ घालण्यात आले. ज्या बदलांसाठी कामगारांना आगाऊ नोटीस देणे बंधनकारक झाले, त्यांत कामगारकपात होण्याचा संभव असलेली सुसूत्रीकरणाची किंवा यंत्र आणि तंत्र सुधारण्याची योजना स्पष्ट शब्दांत समाविष्ट होती. पुढच्याच वर्षी, जुलै १९५७ मध्ये, पंधराव्या भारतीय कामगार परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिन्ही पक्षांनी सुसूत्रीकरणाच्या अटी मान्य केल्या : असलेल्या कामगारांची कपात नाही, त्यांच्या कमाईत घट नाही, होणाऱ्या फायद्यात त्यांचा रास्त वाटा आणि कामाच्या बोजाची योग्य मोजणी. नव्या तंत्राला विरोध न करता त्याला अटी घालणारा हा मसुदा होता आणि पुढच्या तीस वर्षांतला प्रत्येक संगणकवाद याच अटींभोवती फिरला.

त्याच सुमारास विज्ञानाचे धोरण वेगळ्या दालनात आकार घेत होते. ४ मार्च १९५८ रोजी सरकारने वैज्ञानिक धोरणविषयक ठराव मंजूर केला. जवाहरलाल नेहरूंचा विज्ञानावरचा विश्वास त्यातून उमटलेला दिसतो. विज्ञानाचा सर्व अंगांनी विकास करणे, देशात उत्तम दर्जाचे शास्त्रज्ञ पुरेशा संख्येने तयार होतील हे पाहणे, शिक्षण आणि उद्योगाच्या गरजा भागवणे आणि ज्ञानाच्या फळांचा लाभ जनतेपर्यंत पोहोचवणे, ही त्याची उद्दिष्टे. विज्ञानामुळे होणाऱ्या नुकसानीची तपासणी कोणी करावी, याबद्दल ठराव काही सांगत नाही. १९५८च्या भारताने ती चिंता आधी करावी, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. पण त्यानंतरच्या धोरणांनीही ही जागा बराच काळ रिकामी ठेवली.

देशातला पहिला अंकीय संगणक कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५-५६च्या सुमारास आला. तो ब्रिटिश बनावटीचा होता. मुंबईत होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने विकत घेण्याऐवजी बनवण्याचा रस्ता धरला. रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांच्या गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक यंत्र उभे केले आणि १९६०मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित झाला. सुमारे २,७०० निर्वात नलिका, १२,५०० रोधक आणि २,०४८ शब्दांची चुंबकीय स्मृती असलेल्या या यंत्राला १९६२ साली नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. जगात तोपर्यंत ट्रान्झिस्टरचे युग सुरू झाले होते, त्यामुळे टिफ्रॅक पूर्ण होता होताच जुना ठरला. त्याने दिलेली गोष्ट वेगळी होती : संगणकाचे अंतरंग जाणणारी माणसे. नरसिंहन यांनी पुढे चित्रांची ओळख पटवण्याच्या प्रश्नावर वाक्यरचनाशास्त्राच्या अंगाने केलेले काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुरुवातीच्या संशोधनात जगभर दखलपात्र ठरले. भारतातल्या या विद्याशाखेचा एक मोठा झरा कुलाब्यातल्या टाटा संस्थेत आहे तो असा.

१९६२च्या चीन युद्धाने सरकारला एक कटू धडा दिला : सीमेवर संदेशवहनाची उपकरणे नाहीत आणि ती घरी बनत नाहीत. ऑगस्ट १९६३ मध्ये भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमण्यात आली. विक्रम साराभाई, एस. भगवंतम आणि ए. एस. राव हे तिचे इतर सदस्य. दहा वर्षांत इलेक्ट्रॉनिक्समध्ये देशाने स्वतःच्या पायावर कसे उभे राहावे, याचा आराखडा या समितीने मांडला. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभा गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच अहवाल सरकारच्या हाती पडला. त्यातून जून १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. दोन्हींची सूत्रे टाटा संस्थेचेच एम. जी. के. मेनन यांच्याकडे आली. धोरण आखणे, त्यासाठी निधी वाटणे, परवाने देणे आणि आयातीचे अर्ज तपासणे, ही सारी कामे एकाच ठिकाणी एकवटली. उत्तेजन देणारा हात आणि अडवणारा हात एकच असावा, ही रचना तेव्हा सोयीची वाटली. तिचे दोष पुढे दिसले.

मात्र संगणकाचा पहिला मोठा संघर्ष या विभागाच्या स्थापनेआधीच होऊन गेला होता. आयुर्विमा महामंडळाने १९६०च्या दशकाच्या मध्यास मुंबई आणि कलकत्ता येथील कार्यालयांसाठी संगणक आणायचे ठरवले. विम्याचे हप्ते, कर्जे, बोनस यांचे हिशेब हजारो कारकून हाताने आणि साध्या यंत्रांवर करत होते. विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेने विचारले, या लोकांचे काय? मुंबईत यंत्र बसले. कलकत्त्यात मात्र इलाको हाऊस या इमारतीत ते येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी आळीपाळीने रात्रंदिवस पहारा दिला. या आंदोलनाला प्रगतीचा विरोध म्हणून मोडीत काढण्याची पद्धत नंतर पडली. ती बरोबर नाही. सुशिक्षित बेकारांच्या रांगा वाढत असताना, सरकारी मालकीच्या संस्थेने सरकारनेच मान्य केलेल्या १९५७च्या अटी पाळाव्यात, हा आग्रह त्यामागे होता. संगणकामुळे विमेदाराचे दावे लवकर निकाली निघाले असते, हेही तितकेच खरे; पण ते सांगण्याचे आणि सिद्ध करण्याचे काम व्यवस्थापनाचे होते.

न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ साली अहवाल दिला, तेव्हा या वादाची दखल घेऊन स्वयंचलनाचा निवडक स्वीकार करावा, असे मत नोंदवले. निवडक म्हणजे कुठे, आणि निवड कोणी करायची? हे ठरवण्यासाठी कामगार मंत्रालयाने त्याच वर्षी स्वयंचलनविषयक समिती नेमली आणि अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांना दिले.

ही निवड अर्थपूर्ण होती. दांडेकर संख्याशास्त्रज्ञ होते, आकडेमोडीचे कष्ट आणि तिचे मोल दोन्ही त्यांना ठाऊक होते. शिवाय नीलकंठ रथ यांच्यासोबत ते नेमक्या याच काळात भारतातील दारिद्र्याची मोजणी करत होते. तो गाजलेला अभ्यास १९७१मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंचलन समितीचा अहवाल १९७२ साली आला. श्रम मुबलक आणि भांडवल दुर्मीळ असलेल्या देशात यंत्राचे मूल्य केवळ वेगावर ठरवता येणार नाही, ही त्याची भूमिका. सरसकट बंदी नको आणि मोकळे रानही नको. संगणक कुठे खरोखर आवश्यक आहे याची आधी छाननी व्हावी आणि गरज पटवून देण्याची जबाबदारी तो आणणाऱ्यावर असावी, असा अहवालाचा रोख होता. आज जगभर ‘परिणामांचे पूर्वमूल्यांकन’ या नावाने जे मागितले जाते, त्याचा एक भारतीय नमुना पन्नास वर्षांपूर्वी असा लिहून तयार होता. मराठी वाचकांना दांडेकर दारिद्र्यरेषेसाठी आठवतात. या कामासाठीही त्यांची आठवण राहायला हवी.

छाननीचे तत्त्व योग्य होते. तिची अंमलबजावणी मात्र आयात परवान्याच्या यंत्रणेतून झाली आणि तिथे ते तत्त्व हरवले. संगणक हवा असलेल्या संस्थेने इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडे अर्ज करायचा, गरज सिद्ध करायची, देशी यंत्र का चालत नाही ते सांगायचे, परकीय चलन मिळवायचे आणि वर जबर सीमाशुल्क भरायचे. निर्णयाला महिने, कधी वर्षे लागत. ज्यांचे काम जाणार त्या कर्मचाऱ्यांना या फाइलमध्ये जागा नव्हती. विभागाच्या डोळ्यांपुढे परकीय चलन आणि स्वावलंबन होते. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवलेले देशी संगणक खपले पाहिजेत, ही चिंता होती. विद्यापीठांतले संशोधक मात्र यंत्राची वाट पाहत बसले, आणि त्या काळात वाया गेलेल्या वर्षांची भरपाई झाली नाही.

याच दशकात संसदेने एकदा आपले वजन दाखवले. आयबीएम ही अमेरिकी कंपनी १९५१ पासून भारतात होती. मुंबईच्या कारखान्यात ती परदेशात वापरून झालेली १४०१ ही यंत्रे आणून दुरुस्त करी आणि भाड्याने देई. हे प्रारूप अमेरिकेत १९५९ साली बाजारात आलेले. भारतातली सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम आणि मोठ्या कंपन्या १९७०च्या दशकातही त्याचेच भाडे भरत होत्या. १९७५-७६च्या लोकलेखा समितीने सरकारी खात्यांतील संगणकीकरणावर एक सविस्तर अहवाल तयार केला. जुनी यंत्रे, त्यांवरचे भाडे, कंपनीला मिळालेल्या मोकळिका आणि सरकारी खात्यांनी न विचारलेले प्रश्न, यांवर तिने कडक बोट ठेवले. लोकलेखा समिती खर्च होऊन गेल्यावर हिशेब तपासते, त्यामुळे ही देखरेख उशिराची होती. तरीही भारतीय संसदेने संगणकासारख्या तांत्रिक विषयात इतक्या खोलात जाऊन केलेली ही पहिली तपासणी म्हणता येईल. दरम्यान १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी भागभांडवल सर्वसाधारणपणे चाळीस टक्क्यांवर आणले होते. आयबीएमने तडजोडीचे प्रस्ताव ठेवले. ते मान्य झाले नाहीत. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कंपनीने देश सोडण्याचा निर्णय घेतला आणि १९७८ मध्ये ती गेली. तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने अंगावर घेतली. नरसिंहन तिचे पहिले अध्यक्ष. परदेशी कंपनी गेल्यावर देशातले संगणक बंद पडतील, ही भीती खोटी ठरली. आयसीएल या ब्रिटिश कंपनीने भारतीय भागीदारी स्वीकारली आणि तिचा पुण्यातील कारखाना चालू राहिला.

निर्यातीच्या बाजूने सरकारने एक खिडकी उघडी ठेवली होती. १९७३ साली मुंबईत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, म्हणजे सीप्झ, स्थापन झाले. सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन मिळवण्याच्या अटीवर संगणक आणण्याची मुभा काही कंपन्यांना मिळाली. पुढच्या प्रचंड उद्योगाचे बीज या अटीत होते.

१९८३ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे आहे, जरी पाठ्यपुस्तके १९८४चे संगणक धोरणच लक्षात ठेवतात. जानेवारी १९८३ मध्ये इंदिरा गांधींनी तंत्रज्ञान धोरण निवेदन जाहीर केले. तंत्रज्ञान निवडताना रोजगार, विशेषतः स्त्रिया आणि दुर्बल घटकांचा रोजगार, पारंपरिक कौशल्ये आणि पर्यावरण यांचा विचार व्हावा, असे त्यात म्हटले होते. १९५८च्या ठरावात नसलेली गोष्ट इथे आली. सप्टेंबर १९८३ मध्ये बँक मालकांची संघटना आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. कोणत्या शाखांत, कोणत्या कामांसाठी, किती यंत्रे बसवायची हे वाटाघाटींनी ठरले, कपात होणार नाही ही हमी मिळाली आणि यंत्रावर काम करणाऱ्यांना विशेष भत्ता मान्य झाला. पुढचे करार याच पायावर झाले आणि रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समित्यांनी आखलेले बँकांचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने, मोठ्या नोकरकपातीशिवाय पार पडले. त्याला वेळ लागला, म्हणून या करारांवर टीकाही झाली. तरीही तंत्रज्ञानाच्या स्वीकाराचा हा भारतातला सर्वांत शहाणा प्रयोग मानावा लागतो. ज्यांच्यावर परिणाम होणार ते टेबलापाशी बसले होते आणि जे ठरले ते कागदावर सहीनिशी होते.

तंत्रज्ञान धोरणातून १९८८ साली तंत्रज्ञानविषयक माहिती, पूर्वानुमान आणि मूल्यमापन परिषद, म्हणजे ‘टायफॅक’, निर्माण झाली. मूल्यमापन हा शब्द तिच्या नावातच आहे. अमेरिकेत १९७२ पासून असेच काम करणारे एक कार्यालय होते आणि ते तिथल्या विधिमंडळाला, काँग्रेसला, उत्तरदायी होते. १९९५ साली ते बंद करण्यात आले, पण तोवर त्याने शेकडो अभ्यास लोकप्रतिनिधींच्या हाती दिले होते. भारतातली परिषद विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखाली राहिली. तिने अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली २०२०चे तंत्रज्ञानस्वप्न रेखाटण्याचे मोठे काम केले. संसदेसाठी धोके तपासणारी संस्था ती झाली नाही. संसदेला १९९३ पासून विभागनिहाय स्थायी समित्या मिळाल्या. विज्ञान-तंत्रज्ञान आणि माहिती तंत्रज्ञान हे विषय त्यांत दोन वेगळ्या समित्यांकडे गेले. मागण्यांची छाननी, विधेयकांचा अभ्यास, सचिवांना प्रश्न विचारणे, हे काम त्या करतात. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि त्यांच्या दिमतीला स्वतंत्र तांत्रिक अभ्यासकांची संस्था नाही. ही उणीव आजही भरलेली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता भारतात सरकारी कार्यक्रम म्हणून आली ती १९८६ मध्ये. जपानने पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प हाती घेतला होता, ब्रिटनने आपला आखला होता, आणि इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईतले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि टाटा संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मद्रासची आयआयटी, कलकत्त्याची सांख्यिकी संस्था आणि खुद्द विभाग अशी त्याची केंद्रे होती. वाणीची ओळख, प्रतिमांचे विश्लेषण, तज्ज्ञ प्रणाली, नैसर्गिक भाषा, समांतर संगणन असे विषय त्यांनी वाटून घेतले. १९८९ साली मुंबईत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. पैसा मर्यादित होता आणि यंत्रे अपुरी होती. पण एक पूर्ण पिढी त्यात घडली.

मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, सी-डॅक, सुरू झाले. भारतीय विज्ञान संस्थेसाठी हवा असलेला शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला होता. हवामान अंदाजासाठी त्याहून लहान यंत्र कडक अटींवर दिले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ साली समांतर प्रक्रियेवर चालणारा ‘परम ८०००’ तयार केला. नकारातून आलेल्या या यशाची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्याइतकेच मोलाचे, पण कमी बोलले गेलेले काम म्हणजे भाषांचे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे तंत्र सी-डॅकच्या पुण्यातील गटाने वाढवले. भारतीय लिप्यांसाठीचा संकेतसंच १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. मराठी, तमिळ, बंगाली अक्षरे यंत्रात एका शिस्तीने साठवता येऊ लागली. प्रमाणके ठरवणे हाही नियमनाचाच प्रकार आहे आणि सरकारला तो परवान्यापेक्षा कितीतरी चांगला जमला. राज्यसभेचे कागदपत्र यंत्राच्या साहाय्याने हिंदीत आणणारी ‘मंत्र’ ही प्रणालीही सी-डॅकचीच.

नोव्हेंबर १९८४चे संगणक धोरण, १९८६चे सॉफ्टवेअर धोरण आणि १९९१चे आर्थिक बदल यांनी परवान्यांची भिंत उतरवली. हे आवश्यक होते. पण भिंतीबरोबर छाननीची सवयही गेली. १९९९ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २०००चा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. ई-व्यवहारांना मान्यता देणे हा त्याचा मूळ हेतू होता. २००८च्या दुरुस्तीने आलेले कलम ६६-अ मात्र संगणकावरून पाठवलेल्या ‘अत्यंत अपमानकारक’ मजकुरासाठी तुरुंगवास सांगत होते. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली तेव्हा या संदिग्ध शब्दांचा अर्थ देशाला कळला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तंत्रज्ञानावरच्या देखरेखीवर देखरेख करण्याचे काम या काळात संसदेपेक्षा न्यायालयाने अधिक केले.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा अध्याय २०१७ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने मद्रास आयआयटीचे व्ही. कामकोटी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृतिदलाने सुरू झाला. जून २०१८ मध्ये नीती आयोगाने राष्ट्रीय धोरणाचा मसुदा मांडला. आरोग्य, शेती, शिक्षण, शहरे आणि वाहतूक ही त्याची क्षेत्रे. २०२१ मध्ये आयोगाने जबाबदार वापराची तत्त्वे प्रसिद्ध केली. वैयक्तिक विदा संरक्षणाचे विधेयक न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या अहवालापासून पाच वर्षे रेंगाळले, मध्येच मागे घेतले गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या रूपात संमत झाले. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने संसदेत सांगितले होते की कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी वेगळा कायदा करण्याचा विचार नाही. आणि १ मार्च २०२४ रोजी इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक सूचनापत्र काढले : पुरेशी चाचणी न झालेली प्रारूपे लोकांपुढे आणण्याआधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. उद्योगजगतातून तीव्र प्रतिक्रिया आली आणि पंधरवड्यातच, १५ मार्चला, परवानगीची अट काढून सुधारित पत्र निघाले. १९७०च्या दशकातली परवान्याची वृत्ती किती खोल रुजली आहे, ते यात दिसले. ना संसदेत चर्चा, ना मसुद्यावर हरकती, ना कायद्याचा ठोस आधार. अट आली तशीच गेली आणि चाचणीचा मूळ प्रश्न, जो रास्त होता, तोही तिच्याबरोबर मागे पडला.

त्याच मार्च महिन्यात मंत्रिमंडळाने ‘इंडिया-एआय’ मोहिमेला पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले. संशोधनाचा पैसा वाटण्यासाठी पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान २०२३च्या कायद्याने उभे राहिले. निधीचे प्रमाण वाढले ही आनंदाची गोष्ट आहे. पण पैसा देणारे, धोरण आखणारे आणि धोके तपासणारे हात आजही बहुतांशी एकाच मंत्रालयाचे आहेत.

वित्तक्षेत्रात चित्र थोडे वेगळे आहे. सेबीने २०१९ सालीच बाजारातील मध्यस्थांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींच्या वापराची माहिती कळवण्यास सांगितले. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई आयआयटीचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. यंत्रभाषांतरात आयुष्य घालवलेल्या, या विद्येच्या मर्यादा हाताने अनुभवलेल्या माणसाकडे हे काम गेले, हे चांगले झाले. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने जाहीर केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रशासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी हीच सात सूत्रे पायाभूत मानली. तूर्त नवा कायदा नको, असलेले कायदे वापरावेत, आंतरमंत्रालयीन गट आणि तज्ज्ञ समिती असावी, कृत्रिम बुद्धिमत्ता सुरक्षा संस्थेने चाचण्या कराव्यात, असा त्यांचा आराखडा आहे. ही तत्त्वे समंजस आहेत. मात्र १९५७च्या अटी किंवा १९८३चा बँक करार यांच्या तोडीची, कर्मचाऱ्याला हक्काने बोट ठेवता येईल अशी तरतूद त्यांत नाही.

ही तत्त्वे जाहीर झाल्यावर सोळा दिवसांनी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४७चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. कलम ९-अमधली तरतूद मात्र नव्या संहितेत टिकली आहे : कपातीचा संभव असलेली यंत्राची किंवा तंत्राची सुधारणा करायची असेल, तर कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या शब्दांत कृत्रिम बुद्धिमत्तेलाही जागा आहे. इलेक्ट्रॉनिकी मंत्रालय आणि कामगार मंत्रालय यांनी मार्गदर्शक तत्त्वे आणि संहिता हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत, आणि संसदेने त्यांना ते वाचायला लावावे.